युरिया टाकला, पण खाल्ला कुणी? गव्हातलं तण आणि नत्राचं गणित समजून घ्या

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मामांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला. औसा तालुक्यातलं त्यांचं दीड एकराचं रान, सोयाबीन निघाल्यावर १० नोव्हेंबरला पेरलेला गहू, आणि पहिल्या पाण्यासोबत युरिया देऊन दहा दिवस झालेले. फोटोखाली एकच ओळ होती : ‘बघ कसा काळाभोर झालाय.’

फोटो मोठा करून पाहिला. ओळीतला गहू हिरवा होता हे खरं, पण दोन ओळींमधली जागा त्याहून हिरवी होती. चंदनबटव्याची रोपं, मातीवर पसरलेली चांदवेल, बांधाकडून आत सरकलेली हराळी. मी फोन करून म्हणालो, ‘मामा, हा सगळा गहू नाही.’ त्यावर त्यांचं उत्तर तयार होतं : ‘मग काय झालं? पुढच्या पाण्याला अजून एक पोतं टाकतो की!’

मी इंजिनिअरिंग केलंय, शेती नाही. तरीही हा प्रश्न डोक्यात राहिला. तण जास्त असेल तर खत वाढवून गव्हाला पुरेसं मिळतं का? लातूर-नांदेडकडे हेच गृहीत धरून हजारो पोती रानात पडतात. याचं थोडक्यात उत्तर ‘नाही’ असं आहे. बऱ्याचदा ते जास्तीचं पोतं तणाच्याच कामी येतं. असं का होतं, ते पाहूया.

आपल्याकडे गहू कसा येतो?

पंजाब-हरियाणातला गहू आणि आपला गहू यांची बरोबरी करून उपयोग नाही. तिकडे हेक्टरी ४५ ते ५० क्विंटलची सरासरी असते, तर महाराष्ट्राची सरासरी २० क्विंटलच्या आसपास फिरते. याचं एक मोठं कारण थंडी. मराठवाड्यात थंडी उशिरा येते आणि फेब्रुवारीतच पळते, त्यामुळे फुटवे धरायला आणि दाणा भरायला कमी दिवस मिळतात.

दुसरं कारण पाणी. नांदेडला इसापूर धरणाचा कालवा आणि विष्णुपुरीचं पाणी आहे, लातूरला मांजरा. पण ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं, तिथं गव्हाला पाच पाण्यांची हमी कोण देणार? म्हणून रब्बीत आपल्याकडे राज्य हरभऱ्याचं. विहिरीला किंवा बोअरला पाणी टिकेल असं दिसलं, की एक-दोन एकर गहू, तोही बहुतेक घरच्या पोळीपुरता. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अतिवृष्टीनं सोयाबीन खरवडून नेलं, मागे जमिनीत ओल आणि विहिरीत पाणी ठेवून गेली. अशा वर्षी घरच्या गव्हाकडे डोळे लागलेले असतात.

थोडक्यात, दिवस कमी, पाणी मोजकं आणि रान लहान. अशा पिकात तणानं तीन आठवडे नेले तर ते भरून काढायला पुढे वेळच नसतो.

नत्र गव्हात नेमकं काय करतं?

गहू पेरल्यावर साधारण १८ ते २१ दिवसांनी त्याला मुकुटमुळे फुटतात. याच सुमारास फुटवे निघायला सुरुवात होते. एका रोपाला किती फुटवे येणार आणि त्यातल्या किती फुटव्यांना ओंबी लागणार, याचा पाया या दिवसांत घातला जातो. त्या वेळी मुळाशी ओल आणि नत्र दोन्ही हवं. म्हणूनच शिफारस अशी की अर्धं नत्र पेरताना आणि उरलेलं अर्धं पहिल्या पाण्याच्या वेळी.

वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश सांगितलं जातं. उशिरा पेरलेल्या गव्हाला नत्र ८० किलोवर येतं, कोरडवाहूला ४० वर. हा उतार विनाकारण नाही. उशिराच्या गव्हाला वाढायलाच कमी दिवस मिळतात, तेव्हा जास्तीचं नत्र तो पचवणार कधी? पण आपल्याकडे पेरणी डिसेंबरात गेली तरी पोती मात्र तेवढीच पडतात. ‘उशीर झालाय तर जरा जोर देऊ’ असा उलटा विचार होतो.

आता हेच एकरात आणि पोत्यात मांडू, कारण दुकानात कुणी ‘नत्र द्या’ म्हणत नाही. वेळेवरच्या गव्हाला एकरी ४८ किलो नत्र लागतं. पेरताना डीएपीचं ५० किलोचं एक पोतं दिलं तर त्यातून ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद मिळतं, म्हणजे स्फुरदाची गरज जवळपास भागते. पेरणीच्या हप्त्यातलं उरलेलं १५ किलो नत्र ३३ किलो युरियातून येईल. पहिल्या पाण्याला २४ किलो नत्र, म्हणजे ५२ किलो युरिया. एकूण युरिया ८५ किलो. ४५ किलोची दोन पोतीसुद्धा पूर्ण लागत नाहीत. (पालाश वेगळं द्यायचं, आणि माती परीक्षण केलं असेल तर हे आकडे त्याप्रमाणे खालीवर होतील.) मामांनी पहिल्या पाण्यापर्यंत एकरी दोन पोती संपवली होती आणि तिसऱ्याची तयारी होती.

मग तण आधी कसं जेवतं?

खत टाकताना आपल्या मनात एक पत्ता असतो : ‘गहू.’ पण मातीत विरघळलेल्या नत्रावर कुणाचंच नाव नसतं. जिचं मूळ आधी पोहोचेल आणि जी वनस्पती भराभर वाढू शकेल, ती ते उचलते.

तणांची सगळी घडणच अशा संधीसाठी झालेली असते. चंदनबटवा घ्या. (हा आपल्या चाकवताचाच भाऊबंद. खुरपायला आलेल्या बाया याची कोवळी पानं ओट्यात भरून नेतात आणि रात्री भाजी करतात.) याचं एक मोठं झाड हजारो बिया टाकतं आणि त्या मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. रान भिजलं, वरून नत्र मिळालं, की तो गव्हापेक्षा वेगानं पानं पसरतो. नंतरचं नुकसान फक्त खताचं राहत नाही. तो गव्हाच्या डोक्यावर सावली धरतो. सावलीतला गहू उजेडासाठी उंच आणि बारीक होतो, खालचे फुटवे वाळतात. पुढे फेब्रुवारीत वारं-पाऊस आला तर असा लुसलुशीत गहू आधी लोळतो. २०१४ ची गारपीट आठवणाऱ्यांना लोळलेला गहू काय असतो हे वेगळं सांगायला नको.

कॅनडात लेथब्रिजच्या संशोधकांनी २३ प्रकारची तणं कुंड्यांमध्ये वाढवून, नत्र वाढवत नेलं तर काय होतं ते पाहिलं होतं. हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. नत्र मिळाल्यावर सगळीच तणं वाढली, आणि त्यातल्या अनेकांनी गव्हापेक्षा जास्त उसळी घेतली. याच गटाच्या कामातून पुढे आणखी एक गोष्ट दिसली. खत वर फेकण्याऐवजी मातीच्या आत, पिकाच्या ओळीजवळ दिलं तर तणाच्या तोंडी कमी जातं. आपल्याकडची दोन चाड्यांची पाभर हेच काम करत आली आहे : एका चाड्यातून बी, दुसऱ्यातून खत. आता ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्रातही तशी सोय असते. तरी अनेक ठिकाणी खत आधी हातानं फेकलं जातं आणि मग पेरणी होते. मातीच्या वरच्या थरात पडलेलं ते खत नेमकं तिथंच उगवणाऱ्या तणाच्या वाट्याला जातं.

इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर गव्हाच्या शेतात दोन बटणं आहेत, एक नत्राचं आणि एक तणाचं. आपण ती वेगवेगळी समजतो, पण ती आतून जोडलेली आहेत. तण काढलेल्या रानात नत्र वाढवत गेलं तर एका मर्यादेपर्यंत उत्पादन चढत जातं, मग थांबतं. तण असलेल्या रानात ती चढणच सपाट होते. कधी कधी तर जास्त नत्रावर उत्पादन खाली येतं, कारण तोपर्यंत तण पिकाच्या वर गेलेलं असतं.

हे पाहायचं तर इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडचं ‘ब्रॉडबाल्क’ नावाचं शेत आहे. तिथं १८४३ पासून गव्हावर खतांचा प्रयोग सुरू आहे, आणि शेताच्या एका भागात आजवर तणनाशकाचा थेंब पडलेला नाही. तिथं एक गंमत दिसते. नत्र न दिलेल्या तुकड्यांत तणांचे प्रकार भरपूर. नत्र वाढत जातं तसे प्रकार कमी होतात, पण जी मोजकी तणं उरतात ती माजतात. म्हणजे खत फक्त तणाला पोसत नाही, कोणतं तण राहणार हेही ठरवतं. एखाद्या रानात वर्षानुवर्षं युरियाचा मारा असेल आणि तिथं चंदनबटव्याचंच राज्य दिसत असेल, तर त्यामागे हेही कारण असू शकतं.

इथं आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. आपले जुने बन्सी, खपली गहू उंच होते. जास्त खत दिलं की ते लोळायचे, पण त्यांची सावली जमिनीवर पडायची. १९६० च्या दशकात बुटके मेक्सिकन गहू आले ते भरपूर नत्र सोसू शकणारे म्हणून. लोळण्याचा प्रश्न बराच मिटला. मात्र बुटक्या गव्हाच्या डोक्यावरून डोकावणं तणाला सोपं झालं. खत वाढलं आणि पिकाची छत्री लहान झाली, ती एकाच वेळी.

(गहू आणि तणाचा आपल्याकडचा एक जुना किस्साही आहे. आज बांधाबांधावर दिसणारं गाजर गवत, म्हणजे ‘काँग्रेस गवत’, भारतात ठळकपणे नोंदवलं गेलं ते १९५० च्या दशकाच्या मध्यात पुण्यात. ते अमेरिकेतून आयात केलेल्या धान्यासोबत आलं असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. पोळीसाठी आणलं आणि गवत मागे राहिलं.)

नुकसान किती?

जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या शास्त्रज्ञांनी १८ राज्यांतल्या शेतकऱ्यांच्या शेतांवरच्या दीड हजारांहून जास्त चाचण्यांची माहिती एकत्र करून २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तणामुळे गव्हाचं सरासरी नुकसान १८.६ टक्के निघालं. (सोयाबीनचं ३१.४ टक्के! पण तो विषय खरिपात.)

समजा, तुमच्या रानात तण नसतं तर एकरी १० क्विंटल गहू झाला असता. १८.६ टक्के म्हणजे १ क्विंटल ८६ किलो गेला. यंदाच्या रब्बी गव्हाचा हमीभाव २,५८५ रुपये धरला तर साधारण ४,८०० रुपये झाले. घरी खाणाऱ्यांनी हा हिशेब पोळ्यांत करावा.

आता युरियाचं पोतं बघा : ४५ किलोचं, २६६ रुपये ५० पैसे. त्यात २०.७ किलो नत्र, म्हणजे किलोमागे तेरा रुपयेसुद्धा नाहीत. खरी मेख इथं आहे. एका बाईची दिवसाची हजेरी आणि युरियाचं एक पोतं यांचा भाव जवळपास सारखाच, पण एकर खुरपायला एक बाई पुरत नाही. शिवाय डिसेंबरात बाया मिळत नाहीत. कुणी ऊसतोडीला गेलेलं असतं, कुणी तुरीच्या कापणीत अडकलेलं असतं, आणि गुत्त्यानं द्यायचं म्हटलं तर भाव आणखी चढतो. पोतं मात्र एका फोनवर घरपोच मिळतं. शेतकरी अज्ञानातून युरिया टाकतो असं शहरात बसून म्हणणं सोपं आहे. त्याच्या हाताशी जे स्वस्त आणि सोपं आहे ते तो वापरतो. फक्त स्वस्त वाटणाऱ्या त्या पोत्यानं पुढच्या खुरपणीचं काम वाढवून ठेवलेलं असतं, हा खर्च पावतीवर छापलेला नसतो.

क्रम बदलला तर?

पेरणीनंतरचे पहिले ३० ते ४५ दिवस गहू आणि तणाच्या स्पर्धेत सगळ्यात नाजूक मानले जातात. त्यानंतर गहू ओळी झाकतो आणि मागून उगवणारं तण फारसं डोकं वर काढत नाही. म्हणून ६० व्या दिवशी केलेली स्वच्छ खुरपणी दिसायला छान असते, पण तोपर्यंत फुटव्यांचा हिशेब झालेला असतो.

अडचण अशी की पहिल्या पाण्याचा दिवसही याच काळात येतो. आपल्या भारी काळ्या जमिनीत पाणी दिलं की आठवडाभर वाफसा येत नाही, रानात पाय ठेवता येत नाही. आणि त्या ओलीवर तणाचा नवा लोट उगवतो. युरिया टाकून पाणी दिलं आणि खुरपणी ‘वाफसा आल्यावर बघू’ म्हणून ठेवली, की दहा-बारा दिवस तणाला मोकळं रान आणि आयतं जेवण. मामांच्या फोटोत हेच होतं.

त्याऐवजी पहिल्या पाण्याच्या दोन-तीन दिवस आधी, तण दोन-चार पानांवर असतानाच एक हात खुरपं फिरवायचं. तेव्हा तण लहान असतं, जमीन कोरडी असते, काम लवकर उरकतं आणि उपटलेलं तण उन्हानं मरून जातं. मग युरिया, आणि लगेच पाणी. हा ‘लगेच’ महत्त्वाचा आहे. आपल्या जमिनी विम्लधर्मी. अशा जमिनीच्या ओलसर पृष्ठावर युरिया तसाच पडून राहिला तर त्यातलं काही नत्र अमोनिया वायू होऊन हवेत जातं. पाण्यासोबत तो मुळांपर्यंत उतरला तर ही गळती कमी होते. सकाळी पानांवर दव असताना मात्र युरिया फेकू नये. दाणे चिकटतात आणि पानं करपतात. दुसरी खुरपणी वाफसा आल्यावर, पेरणीपासून ३५ ते ४० दिवसांच्या आत.

खत तेवढंच, पाणी तेवढंच, बदलला तो फक्त क्रम. बाकी दोन-तीन गोष्टी पेरणीआधीच्या. उकिरड्यातलं अर्धवट कुजलेलं शेणखत रानात नेलं तर त्यासोबत तणाचं बीही जातं. सोयाबीनचा बेवड गव्हाला चांगला, पण सोयाबीनमधलं तण बी धरेपर्यंत ठेवलं असेल तर बेवडाचा फायदा तणही घेणार. आणि कुंदा, हराळी, लव्हाळा ही मुळा-गाठींतून येणारी मंडळी खुरप्यानं जात नाहीत. त्यांचा बंदोबस्त उन्हाळ्यातल्या खोल नांगरणीत आणि वेचणीत.

तणनाशक मारू का?

बाया मिळतच नसतील तर हा प्रश्न येणारच. गव्हातल्या रुंद पानांच्या तणासाठी मेटसल्फ्युरॉन मिथाईल (२० टक्के) हेक्टरी २० ग्रॅम, म्हणजे एकरी फक्त ८ ग्रॅम, पेरणीनंतर साधारण चार ते पाच आठवड्यांच्या दरम्यान वापरतात. हे रसायन ज्या गटात मोडतं त्याचं नाव ‘सल्फोनिलयुरिया’. नावात युरिया असला तरी खताशी त्याचा काही संबंध नाही.

ग्रॅममध्ये मोजायचं औषध अंदाजानं टाकून चालत नाही. हा गट विम्लधर्मी जमिनीत हळू विघटित होतो, त्यामुळे जास्त मात्रेचा त्रास मागून येणाऱ्या रुंद पानांच्या पिकाला होऊ शकतो. हराळी, कुंद्यावर याचा उपयोग नाही. आणि शेजारी हरभरा असेल, जो आपल्याकडे असतोच, तर वारं बघा. हरभरा स्वतःच रुंद पानांचा आहे. तुमच्या गव्हातलं तण आणि शेजाऱ्याचा हरभरा यात औषधाला फरक कळत नाही. २,४-डी च्या बाबतीत तर हा धोका आणखी मोठा. त्याचा वास लागलेला पंप नंतर कापूस किंवा भाजीपाल्यावर वापरला तरी पानं वाकडी होतात. पंप वेगळा ठेवलेला बरा. वाण, तारीख आणि रानातलं तण सांगून सल्ला घ्यायचा तर नांदेडकरांना पोखर्णी आणि सगरोळीचं, लातूरकरांना लातूरचं कृषी विज्ञान केंद्र आहे. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ तर आपलंच.

आणि गहू पिवळा पडला तर?

मामांनी शेवटी ३३ व्या दिवशी गुत्त्यानं खुरपून घेतलं. चार बाया कमी मिळाल्या म्हणून दीड एकराला तीन दिवस लागले. बेचाळिसाव्या दिवशी दुसरं पाणी दिलं आणि आठवड्यानं पुन्हा फोटो आला. आता ओळींमधली माती दिसत होती. पण एका कोपऱ्यात पट्टाभर गहू पिवळा. ‘आता तरी टाकू का एक पोतं?’

पिवळा म्हणजे नत्र कमी, हे समीकरण प्रत्येक वेळी बरोबर नसतं. नत्र कमी पडलं तर पिवळेपणा आधी खालच्या, जुन्या पानांवर दिसतो, कारण रोप तिथलं नत्र काढून नव्या पानांना देतं. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता असू शकते. चुनखडीच्या रानात हे होतं. आणि सखल भागात पट्टाच्या पट्टा पिवळा असेल तर आधी पायाखालचं पाणी बघायचं. पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही, असलेलं नत्रही त्यांना उचलता येत नाही. वर त्यातलं काही नत्र वायू होऊन उडून जातं. अशा जागी युरिया टाकणं म्हणजे पैसे पाण्यात, अगदी शब्दशः.

मी मामांना तीन प्रश्न विचारले : कोणती पानं, कुठला कोपरा, माती दाबली तर पाणी सुटतं का? कोपरा ओढ्याकडचा, सखल निघाला. त्यांनी फावड्यानं बांधाला चर पाडून पाणी उतरवलं. तिसरं पोतं अजून ओसरीत भिंतीला टेकून उभं आहे.